कानोसा

बंद खोलीत मी माणसांना बसवते,
हेडफोन चढवते, हातात बटण देते.
"कितीही बारीक आवाज आला तरी दाबा."
मग काचेपलीकडून वाट बघते
क्लिफर्ड स्टॅदर्सच्या अंगठ्याची.

अंगठा अर्धाच आहे.
उरलेला आइसलँडच्या उत्तरेला
जाळं ओढायच्या यंत्राने घेतला,
तो सांगतो, उसना दिल्यासारखा.

उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या.
आलेख दोन हजारापर्यंत सपाट चालतो
आणि तिथून एकदम खाली.
मी समजावते: इंजिनरूम. पंधराव्या वर्षापासून.
तो चष्मा पुसून कागद बघतो.
"पोरी, हा तर समुद्राचा तळ.
इथवर उथळ, इथून खोल.
कॉड असायचा बरोबर ह्या कडेवर."

आणि मग कोट चढवता चढवता:
कानात एक सूर असतो. रात्री जास्त.
बोट भंगारात जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली,
इंजिन कुणी बंद केलेलं नाही.

मी अकोल्याची.
समुद्र म्हणजे नकाशातला निळा, परीक्षेपुरता.
हलला आले तर ही हम्बर,
उकळून उकळून काळपट झालेल्या चहाची,
नदी की खाडी, तिचं तिलाच न ठरलेलं.
पहिल्याच महिन्यात बसवाल्याला विचारलं,
मासळीची गोदी कुठे?
"तिच्यावरच उभ्या आहात, लव्ह."
पायाखाली पार्किंगचे पांढरे पट्टे,
पलीकडे बोलिंग, फर्निचर, बर्गर.
ओहोटीला तेवढे कडेच्या गाळात
जुने खांब उघडे पडतात,
किडक्या दातांसारखे.

ईनिड ब्लँचर्डचे कान नव्वदीतही ठणठणीत.
मुलीने आणलंय: आई नसलेलं ऐकते.
काय ऐकता?
"लाकडी बूट. रात्री दोनला.
मासळी उतरवणारे गडी जायचे ना गल्लीतून, फरसबंदीवर."
बोलताना तिची बोटं हवेत गाठी मारतात.
पुढच्या खोलीत जाळी विणून तिने तीन पोरं वाढवली.
नवरा बोटीवर चढेल त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत,
धुतले तर लाट त्याला धुऊन नेते.
"पाळलंत?"
"कायम."
मग बराच वेळ काही नाही.
"शेजारणीने चादर वाळत घातली होती. मला दिसली.
अकरा वर्षं बोलले नाही तिच्याशी.
तिचा काय दोष गं.
पण कुणाशी तरी न बोलणं भाग होतं."
फॉर्मवर मी लिहिते: श्रवण सामान्य.

क्लिफर्डचा नातू डेक्लन पवनचक्कीची पाती घासतो.
कंपनीचा नियम, वर्षातून एकदा कान.
दोन्ही अंगठे शाबूत, इतके उतावळे
की मी सूर सोडायच्या आधीच बटण दाबतो.
सांगतो, एकेक पातं म्हणजे
आजोबांच्या दोन बोटी टोकाला टोक लावून.
ती तिकडे उभी राहतात, भर समुद्रात.
"तू गेलायस कधी तिथे?"
"छे. मला बोट लागते."

संध्याकाळी धक्क्यावर मी बटाट्याची पॅटी खाते,
वर इथलं ते लालसर तिखटमीठ,
तिखट नावालाच.
शेजारच्या बाकावर दोन पोलिश बाया
कशावरून तरी पोट धरून हसतायत.
वारा त्यांचं अर्धं हसू पाण्यावर नेतो.

घरी येऊन मशीनमध्ये कपडे भरते, साबण घालते.
आठवड्याचे साठलेत, युनिफॉर्म तर एकही नाही.
खिडकीतून दिसतं, भरतीवर एक जहाज निघालंय,
पाठीवर तीन पांढरी पाती.
त्यावर माझं कुणी नाही.
नावसुद्धा वाचता येत नाही इथून.

बटणावरचं बोट मी मागे घेते.
सकाळी लावू.
उद्या ओल्या बाह्यांनी गेले तरी
ज्यांचे कान तपासायचेत
त्यांना काय ऐकू येणार आहे.